बायबलमधले परस्परविरोधी उतारे

बायबल हा एकाच लेखकाने सलग लिहिलेला ग्रंथ नव्हे. हिब्रू, अरामी आणि ग्रीक या तीन भाषांत, शेकडो वर्षांच्या काळात, अनेक हातांनी लिहिलेल्या पुस्तकांचा तो संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरा त्यात ६६ पुस्तके मोजते, कॅथलिक परंपरा ७३. एकच प्रसंग त्यात दोनदा, तीनदा, कधी चारदा येतो आणि दर वेळी तपशील जुळतोच असे नाही. राजाचे वय एका पुस्तकात अठरा, तर दुसऱ्यात आठ. येशूच्या आजोबांचे नाव मत्तयात याकोब, लूकमध्ये एली. अशा जागा पहिल्या शतकांपासून वाचकांच्या नजरेत आहेत. त्यांची यादी करणे सोपे आहे. प्रत्येक जागी फरक कशामुळे पडला हे शोधणे अवघड असले, तरी ग्रंथ कसा घडला हे त्यातूनच कळते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत बायबल दोन वेगळ्या वाटांनी पोहोचले. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांकडे गेला. त्यानंतरच्या दशकांत स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्यात मिशन सुरू केले. दुसरी वाट केरळातून आली. १९६२ साली सीरो-मलबार कॅथलिक चर्चचे चांदा मिशनक्षेत्र स्थापन झाले आणि ते सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवले गेले. १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूर. पहिली वाट छापील मराठी बायबलाची, तर दुसरी सिरियाक भाषेतल्या प्राचीन उपासनेचा वारसा सांगणारी. शुभवर्तमानांतल्या विसंगतींवरचा एक फार जुना आणि धाडसी उपाय याच सिरियाक परंपरेत वापरला गेला होता.

चारांचे एक

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, साधारण १७०च्या सुमारास, तातियन नावाच्या लेखकाने मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारही शुभवर्तमाने उकलून त्यांची एक सलग कथा विणली. तिला ‘दियातेस्सरोन’ म्हणतात. जिथे दोन वृत्तांत जुळत नव्हते तिथे तातियनाने एक निवडला, किंवा दोन्ही मागेपुढे लावले. येशूच्या दोन वंशावळींचा मेळ बसत नव्हता, म्हणून त्या त्याने वगळल्याच. सिरियाक भाषक मंडळ्यांत दोन शतकांहून अधिक काळ हेच पुस्तक उपासनेत वाचले जाई. चौथ्या शतकातले थोर कवी-धर्मपंडित एफ्रेम यांनी भाष्य लिहिले तेही याच एकत्रित पुस्तकावर.

पाचव्या शतकात मात्र चर्चने पाऊल मागे घेतले. एदेस्साचे बिशप रब्बुला यांनी चार वेगळी शुभवर्तमाने वाचण्याचा आग्रह धरला. सायरसचे बिशप थिओडोरेट यांनी आपल्या प्रांतातून दियातेस्सरोनच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने दिली. विसंगती नसलेले, सोयीचे पुस्तक हाती असताना चर्चने चार न जुळणारे साक्षीदार पत्करले. त्याआधी मार्सियननेही सुटका शोधली होती. त्याने जुना करार नाकारला आणि शुभवर्तमानांपैकी लूकचे तेवढे काटछाट करून ठेवले. चर्चने तेही मानले नाही.

मराठीत याच गरजेतून एक मोठे काव्य जन्मले. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीत धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात चारही शुभवर्तमानांतून येशूचे एकच चरित्र सांगितले आहे. पुराण ऐकणाऱ्या श्रोत्याला सलग कथा हवी असते आणि सलग कथा सांगायची तर निवड करावीच लागते. फरक इतकाच, की क्रिस्तपुराणाने मूळ शुभवर्तमानांची जागा घेतली नाही.

आकड्यांतले फरक

सर्वांत सोप्या विसंगती आकड्यांच्या आहेत, कारण त्यातल्या बऱ्याच नक्कल करताना शिरल्या. राजे या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात (८:२६) अहज्या राजा बाविसाव्या वर्षी गादीवर बसला असे आहे. इतिहासाच्या दुसऱ्या भागातल्या हिब्रू पाठात (२२:२) बेचाळिसाव्या वर्षी. आता त्याच्या बापाचा हिशेब पाहावा. यहोराम बत्तिसाव्या वर्षी राजा झाला, आठ वर्षे राज्य करून मेला, म्हणजे मृत्यूसमयी तो चाळीस वर्षांचा होता. त्याच्या जागी लगेच गादीवर आलेला मुलगा बेचाळीस वर्षांचा असता, तर तो बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा ठरतो. बेचाळीस हा आकडा चुकीचा आहे हे बायबलमधल्याच माहितीवरून सिद्ध होते. सिरियाक भाषांतरात आणि काही ग्रीक हस्तलिखितांत तिथे बावीसच आहे.

यहोयाखीन राजाचेही तसेच. राजेमध्ये (२, २४:८) तो अठराव्या वर्षी गादीवर बसतो, इतिहासाच्या बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत (२, ३६:९) आठव्या. इथेही सिरियाक पाठ अठरा सांगतो. गल्याथाची उंची प्रचलित हिब्रू पाठात सहा हात एक वीत आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ती चार हात एक वीत होती. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांमध्ये १९४७ पासून हस्तलिखिते सापडू लागली. त्यांतल्या शमुवेलाच्या एका प्राचीन हिब्रू प्रतीतही चार हात एक वीत हाच पाठ निघाला. ग्रीक भाषांतरकारांनी आकडा पदरचा घातला नव्हता. त्यांच्यासमोरच्या हिब्रू प्रतीतच तो तसा होता.

पण प्रत्येक आकडा नक्कलनविसाच्या माथी मारता येत नाही. दावीदाने केलेली शिरगणती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २४) आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २१) अशी दोनदा येते. पहिल्यात इस्राएलाचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख लढवय्ये आहेत. दुसऱ्यात अनुक्रमे अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. शिरगणतीची शिक्षा म्हणून आलेली साथ थांबावी यासाठी दावीद यबूसी माणसाचे खळे विकत घेतो. त्याची किंमत एकीकडे खळे आणि बैल मिळून पन्नास शेकेल चांदी, दुसरीकडे त्या जागेसाठी सहाशे शेकेल सोने. त्या खळ्याच्या जागीच पुढे यरुशलेमचे मंदिर उभे राहिले, असे इतिहासाच्या पुस्तकांचा लेखक सांगतो. मंदिराच्या भूमीचे मोल त्याच्या लेखी वाढले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. खळ्याभोवतीची सगळी जागा धरून ही किंमत आहे, असे पारंपरिक भाष्यकार म्हणतात.

त्याच प्रसंगात त्याहून खोल फरक आहे. शिरगणतीची बुद्धी दावीदाला कोणी दिली? शमुवेल म्हणतो देवाच्या कोपाने, इतिहास म्हणतो सैतानाने. इतिहासाची पुस्तके बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळातली आहेत. जुन्या लेखकाला सर्व घटनांचे मूळ थेट देवापाशी नेण्यात अडचण वाटत नव्हती. नंतरच्या लेखकाला पापाची प्रेरणा देवाकडून आली असे म्हणणे जड गेले. दोन उताऱ्यांच्या मधल्या काळात देवाविषयीचा विचार कसा बदलला, हे इथे समोरासमोर दिसते.

दोन वंशावळी

मत्तय येशूची वंशावळ अब्राहामापासून खाली आणतो आणि दावीदानंतर शलमोनाच्या शाखेने योसेफापर्यंत पोहोचतो. लूक योसेफापासून वर चढत आदामापर्यंत जातो आणि वाटेत दावीदाचा दुसरा मुलगा नाथान याची शाखा धरतो. त्यामुळे दावीद ते योसेफ या टप्प्यात दोन्ही याद्यांतली नावे थोडकीच जुळतात.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी ज्युलियस आफ्रिकानस याने यावर एक उलगडा मांडला. मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २५) भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने भावजयीशी लग्न करावे आणि पहिला मुलगा मृत भावाच्या नावाने वाढवावा, असा नियम आहे. आफ्रिकानस सांगतो, की एली आणि याकोब हे एका आईचे, पण दोन बापांचे मुलगे. एली निपुत्रिक मेला, याकोबाने त्याच्या विधवेशी संसार केला आणि योसेफ झाला. रक्ताने तो याकोबाचा, नियमाने एलीचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हा उलगडा परका वाटणार नाही, कारण थोरल्या भावाच्या विधवेने धाकट्या दिराशी संसार थाटण्याची रीत गोंड समाजात नोंदलेली आहे. वंश बापाच्या रक्ताने मोजायचा की नात्याच्या नियमाने, हा तिथे व्यवहारातला प्रश्न असतो. मात्र आफ्रिकानसाचा उलगडा शक्य आहे एवढेच म्हणता येते. तो सिद्ध करणारा पुरावा शुभवर्तमानांत नाही.

आधुनिक अभ्यासक दुसऱ्या बाजूने पाहतात. मत्तय आपली यादी चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांत बसवतो आणि त्यासाठी अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळतो. दावीद या नावाच्या हिब्रू अक्षरांचे मूल्यही चौदाच येते. येशू हा दावीदाच्या गादीचा वारस, हे त्याला ठसवायचे आहे. लूकची यादी आदामापर्यंत जाते, कारण त्याला येशू सगळ्या मानवजातीचा आहे हे सांगायचे आहे. दोघेही दफ्तरातला उतारा देत नसून येशूची ओळख करून देत आहेत.

घटनांचा क्रम

यरुशलेमच्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग योहानात दुसऱ्याच अध्यायात, कार्याच्या आरंभी येतो. मत्तय, मार्क आणि लूक तो अखेरच्या आठवड्यात ठेवतात. अशी घटना दोनदा घडली, हे एक जुने उत्तर. सोळाव्या शतकात जर्मन धर्मपंडित ओसियांडर याने हे तत्त्व टोकाला नेले आणि तपशिलात फरक दिसला की घटनाच वेगळी मानली. त्यामुळे येशूने मेलेल्यातून उठवलेली याइराची एकच मुलगी एकाहून अधिक वेळा मरून उठते, असे मानण्याची पाळी आली. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनाची दिशा निराळी होती. अशा जागी शब्दशः इतिहासाची संगती लागत नाही हे तो मोकळेपणाने मान्य करतो आणि लेखकाचा आध्यात्मिक अर्थ शोधायला सांगतो. ऑगस्टिनने इ. स. ४००च्या सुमारास शुभवर्तमानांच्या एकमतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लेखक घटना आठवणीच्या क्रमाने सांगतात, घडल्या त्याच क्रमाने सांगतील असे नाही, ही त्याची भूमिका पुढे हजार वर्षे टिकली.

सर्वांत कठीण प्रश्न वधस्तंभाच्या दिवसाचा आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडण या यहूदी सणाचे भोजन आहे. योहानात (१९:१४) मात्र वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच त्याला शिक्षा सुनावली जाते, म्हणजे सणाचे भोजन अजून व्हायचे असते. तासही जुळत नाही. मार्कात तिसऱ्या ताशी वधस्तंभावर खिळतात. योहानात सहाव्या ताशी तो अजून पिलातासमोर आहे. फ्रेंच संशोधक आनी जोबेर यांनी १९५७ साली एक शक्यता मांडली. कुमरानच्या पंथाचे पंचांग मंदिराच्या पंचांगापेक्षा वेगळे होते. येशूने त्या पंचांगाप्रमाणे सण आधीच पाळला असेल. ही मांडणी बहुमताला पटली नाही. योहानाने येशूला देवाचा कोकरा म्हटले आहे आणि त्याच्या वृत्तांतात वल्हांडणाची कोकरे कापली जाण्याच्या दिवशीच येशू मरतो. तिथे दिवस अर्थ सांगण्यासाठी योजलेला दिसतो. कोणता क्रम इतिहासाला धरून आहे, यावर अभ्यासकांत आजही दोन पक्ष आहेत.

यहूदाचा मृत्यू

मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत तीस रुपे मंदिरात फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. त्या पैशाने याजक कुंभाराचे शेत विकत घेतात. प्रेषितांच्या कृत्यांत (१:१८–१९) शेत यहूदा स्वतःच विकत घेतो, तिथे डोक्यावर पडतो आणि पोट फुटून मरतो. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने कृत्यांच्या त्याच वचनात टांगून घेतल्याचा उल्लेख घातला आणि दोन मरणे एक केली. फास तुटून तो खाली पडला, हे पुढचे प्रचलित उत्तर त्याच मार्गाचे. दुसऱ्या शतकातल्या पापियासने तर तिसरीच हकीगत सांगितली आहे, शरीर अतोनात सुजून मेल्याची.

तिन्ही हकीगती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उठून दिसते. यहूदाचा शेवट भयंकर झाला आणि यरुशलेमजवळच्या ‘रक्ताचे शेत’ म्हटल्या जाणाऱ्या जागेशी त्याचे नाव जोडले गेले, एवढे मत्तय आणि कृत्ये या दोन्ही पुस्तकांत समान आहे. तपशील निराळे असल्यामुळे एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले नाही, हेही कळते.

मौखिक परंपरा जिथे जिवंत आहे तिथे हा प्रकार ओळखीचा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदलेले गोंडांचे लिंगो-गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्यात लिंगो चार भावांना भेटतो. त्या भावांच्या बायका त्याच्यावर आळ घेतात आणि भाऊ त्याला मारतात. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांवर १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिंगो हा सात भावांतला धाकटा आहे. भावजयींचा लोभ, भावांचा संशय आणि लिंगोचे तरून जाणे मात्र तिथेही आहे. भाऊ चार की सात, यावरून कुणी लिंगो-कथा खोटी ठरवत नाही. कथा कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून आणि कशासाठी सांगितली गेली, हे विचारले जाते. शुभवर्तमानेही लिहिली जाण्याआधी काही दशके तोंडी सांगितली जात होती.

शिकवणीतला विरोध

काही विरोध घटनांचे नसून उपदेशाचे आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२८) पौल सांगतो, की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाचे पत्र (२:२४) सांगते, की केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो. दोघेही दाखला अब्राहामाचाच देतात. मार्टिन ल्यूथरला पौलाचे म्हणणे इतके मोलाचे वाटले, की १५२२च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाचे पत्र हलके लेखले. पण दोघांचे श्रोते वेगळे आहेत. यहूदी नसलेल्यांवर सुंता आणि इतर विधी लादावेत की नाही, या वादात पौल बोलतो. भुकेल्या भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या श्रद्धावंताला याकोब फटकारतो. पौलाला नको असलेले कर्म आणि याकोबाला हवे असलेले कर्म एक नव्हे.

जुन्या करारातही असे आहे. निर्गम (२०:५) बापाच्या पापाची शिक्षा पुढच्या पिढ्यांना सांगतो. यहेज्केल (अध्याय १८) ठामपणे म्हणतो, की मुलगा बापाचे पाप वाहणार नाही. बाबेलात हद्दपार झालेली पिढी आपल्या दैवाचा दोष पूर्वजांना देऊन हातपाय गाळून बसली होती. संदेष्टा तिला स्वतःची जबाबदारी परत देतो. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर लागोपाठच्या दोन वचनांत उलट सल्ले आहेत. चौथे वचन मूर्खाला उत्तर देऊ नका म्हणते, पाचवे द्या म्हणते. ही चूक असणे शक्यच नाही. संकलकाने दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवली. प्रसंग ओळखून कोणते वापरायचे ते वाचकाने ठरवायचे.

वादाचे एकोणिसावे शतक

भारतात हे उतारे एकोणिसाव्या शतकात भर सभेत चर्चिले गेले. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद करणाऱ्या मोरभट दांडेकरांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. मिशनरी पुराणांतल्या विसंगती दाखवत; तोच न्याय बायबललाही लागू होतो, हे त्यांना ऐकून घ्यावे लागले. चांदा इंग्रजांकडे गेला त्याच वर्षी, एप्रिल १८५४मध्ये, आग्ऱ्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांचा वाद झाला. कैरानवींच्या बाजूने युरोपातल्याच बायबल-अभ्यासकांचे ग्रंथ पुरावा म्हणून पुढे आले. पाठांत फरक शिरले आहेत हे फांडर यांना मान्य करावे लागले. त्यांनी मूळ सिद्धांत अबाधित असल्याचा पक्ष धरला.

दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप कोलेन्सो यांना हाच प्रश्न झुलू सहकाऱ्याने विचारला. जलप्रलयाची कथा झुलू भाषेत उतरवताना, हे खरेच असे घडले का, असे त्याने विचारले. कोलेन्सोंना खोटे उत्तर देववेना. १८६२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनी मोशेच्या पुस्तकांतले आकडे तपासून ते व्यवहारात बसत नाहीत हे दाखवले आणि त्यापायी धर्मसभेचा रोष ओढवून घेतला. भाषांतरकाराला असे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण प्रत्येक वाक्याचा अर्थ त्याला ठरवावाच लागतो. मराठीत बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर टीका लिहिली, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आजच्या भूमिका

आज या प्रश्नावर ठळकपणे तीन भूमिका आहेत. पहिली म्हणते की मूळ लेखनात कुठलीही चूक नव्हती. १९७८ साली शिकागोत अनेक इव्हँजेलिकल धर्मपंडितांनी काढलेल्या निवेदनात ही निर्दोषता मूळ प्रतींपुरती मानली आहे, नकलांना ती सरसकट लागू नाही. दुसरी भूमिका कॅथलिक चर्चची. पोपच्या बायबल आयोगाने १९६४ साली शुभवर्तमानांच्या घडणीचे तीन टप्पे मान्य केले: येशूचे जीवन व उपदेश, प्रेषितांची तोंडी साक्ष आणि शेवटी लेखकांनी केलेली निवड व मांडणी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, की पवित्र शास्त्र तारणासाठी आवश्यक ते सत्य निर्दोषपणे शिकवते आणि ते वाचताना साहित्यप्रकार ओळखला पाहिजे. बल्लारपूरचा धर्मप्रांत याच चौकटीत शिकवतो. तिसरी भूमिका ऐतिहासिक चिकित्सेची. ती श्रद्धेचा निवाडा करत नाही. लेखक, काळ, हस्तलिखिते आणि हेतू तपासून प्रत्येक उतारा स्वतंत्रपणे समजून घेते.

वाचकाने कोणतीही भूमिका धरली तरी काम एकाच क्रमाने करावे लागते. आधी दोन्ही उतारे आपापल्या अध्यायासह पूर्ण वाचायचे. मग तळटीपेतले हस्तलिखितांचे पाठभेद पाहायचे. आकड्यांचे बरेच कोडे तिथेच सुटते. त्यानंतर दोन्ही लेखक एकाच घटनेविषयी आणि एकाच श्रोत्याशी बोलत आहेत का, हे तपासायचे. एवढ्यानेही विरोध मिटला नाही, तर लेखकाने तो तपशील का निवडला असेल याचा विचार करायचा. या चाळणीतून अहज्याचे वय सुटते, पौल आणि याकोब यांचे म्हणणे उलगडते, वंशावळींचा हेतू कळतो. वधस्तंभाचा दिवस आणि यहूदाचे मरण यांसारखे काही प्रश्न उरतात. ते प्रामाणिकपणे अनिर्णित ठेवणे हा ग्रंथाचा अनादर नव्हे. चार साक्षी चार राहू देण्याचा निर्णय घेणाऱ्या मंडळ्यांनाही हे प्रश्न ठाऊक होते, आणि ते झाकण्यासाठी त्यांनी एकाही साक्षीदाराचे तोंड बंद केले नाही.